चष्मा न काढता दुर्बीण कशी वापरावी

निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात हे हमखास दिसतं. चक्रवाकांची जोडी पाण्यावर उतरते, कुणीतरी घाईघाईने चष्मा कपाळावर सरकवतो, दुर्बीण लावून चाक फिरवत बसतो, आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत जोडी उडून गेलेली असते. ‘दुर्बिणीतून बघताना चष्मा काढा’ हा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो. तो मनावर घेऊ नका. साधा लांबचा नंबर बराचसा फोकसच्या चाकाने भरून निघतो, सिलिंड्रिकल नंबर मात्र निघत नाही. शिवाय पक्षी आधी नुसत्या नजरेने हेरावा लागतो, आणि त्यासाठी चष्मा डोळ्यांवरच हवा.

खरेदी करताना 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिलिमीटरची) घ्या आणि ‘आय रिलीफ’ विचारा. पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा दुर्बिणीच्या काचेपासून जितका लांब ठेवता येतो, ते हे अंतर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटरवर असते, त्यात तिची जाडी मिळवा. म्हणून 15 मिलिमीटर म्हणजे अगदी कमीत कमी, 17-18 असेल तर उत्तम. खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो काचेपासून मोजलेला असतो आणि काच कडेच्या रबरापेक्षा आत असते, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर तिथेच जातात. दुकानात चष्मा लावूनच बघा. चित्राभोवतीची काळी गोल कड सगळीकडून स्वच्छ दिसली पाहिजे. नळीतून बघितल्यासारखं वाटलं तर ती दुर्बीण तुमची नाही. झूमवाल्या दुर्बिणींच्या नादी लागूच नका.

डोळ्याकडचे कप पूर्ण खाली फिरवा, रबरी असतील तर दुमडून ठेवा. मग दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं बघा.

आता डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी रिंग. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ही रिंग एकतर कुणी फिरवतच नाही किंवा चष्मा काढून फिरवतं. बऱ्याच दुर्बिणींत ती उजव्या डोळ्याच्या नळीवर असते. चष्मा लावा. चाळीस-पन्नास पावलांवरची बारीक कडा असलेली वस्तू निवडा. विजेच्या खांबावरचा नंबर चांगला. उजव्या नळीचं पुढचं तोंड झाकणाने बंद करा, डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की दुसराही आकसतो आणि मोजमाप चुकतं. डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने अक्षरं स्पष्ट करा. आता डावी नळी झाका. मधल्या चाकाला अजिबात हात न लावता फक्त रिंग फिरवून उजवीकडचं चित्र स्पष्ट करा. रिंग आधी एका टोकाला नेऊन चित्र पूर्ण धूसर करा, मग हळूहळू परत आणा आणि पहिल्यांदा स्पष्ट दिसेल तिथेच थांबा. दोन्ही टोकांकडून असं करून बघा. दोन्ही वेळा वेगवेगळ्या जागी थांबलात, तर डोळे ताण देऊन जुळवून घेताहेत. पाच मिनिटं लांब बघत बसा आणि पुन्हा करा. नक्की झालेल्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. रिंग पिशवीत घासून सरकते, आणि दुसऱ्याने बघितलं की हमखास सरकते. ठिपका नसेल तर दिवसभर डोकं दुखेल आणि कारण कळणार नाही.

चष्मा बरोबर असेल तर रिंग शून्याच्या आसपासच राहते. ती बरीच लांब जात असेल आणि चांगली नजर असलेल्या सोबत्याला मात्र शून्यावर स्पष्ट दिसत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर मनोऱ्यावर वेगळीच अडचण येते. पाणी खाली असतं, त्यामुळे नजर काचेच्या वाचायच्या भागात उतरते आणि समोरचा शेकाट्या धूसर दिसतो. नजर नव्हे, मान झुकवा. हनुवटी छातीकडे आणा. नियमित जात असाल तर फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा करून घ्या. या छंदात त्याइतका कामाला येणारा खर्च दुसरा नाही.

ऊन पाठीशी घेऊन उभं राहिलं की पक्ष्यांचे रंग छान दिसतात, पण चष्मा आणि दुर्बीण यांच्यामधल्या फटीतून उजेड शिरतो आणि चित्र फिकट पडतं. अंगठे कानशिलाला टेकवून तळव्यांचा आडोसा करा. दुर्बीण स्थिरही राहते.

निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मफलर नाकावर ओढलात तर श्वास वर जाऊन काचांवर धुकं धरतं. मफलर नाकाखाली ठेवा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर तेच होतं, म्हणून पोहोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. काच पुसण्यापूर्वी फुंकणीने धूळ उडवा, मगच मऊ फडकं लावा. शर्टाच्या टोकाने कोरडी काच घासलीत तर पडलेले ओरखडे परत जात नाहीत.