हृदयरुग्ण वारकऱ्यांनी वाटेत रक्तदाबाची औषधे कशी घ्यावीत
लोणंद, तरडगाव, फलटण असे सातारा जिल्ह्यातून माउलींच्या पालखीसोबत चालणाऱ्या ज्या वारकऱ्यांना हृदयविकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कोणती गोळी कधी घ्यायची आणि दिवसाला पाणी किती प्यायचे हे कागदावर लिहून घ्यावे व पुरेशा गोळ्या सोबत ठेवाव्यात.

मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातील, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करून रक्तदाब कमी करणारी गोळी एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास छातीतील दुखणे उफाळू शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. रक्तदाब चांगला आला म्हणून गोळी सोडणे मला सर्वांत घातक वाटते, कारण बहुधा तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो.

लघवी वाढवणारी गोळी चालू असताना जुलाब, उलट्या किंवा अति घाम झाल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. अशा वेळी आडवे व्हावे आणि डोस स्वतः न बदलता वाटेवरील वैद्यकीय पथकाला विचारावे.

पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. छातीत दुखू लागल्यास चालणे तत्काळ थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.