आजोबांचे पलटणीतले फोटो
भर पावसात जुना अल्बम उघडू नका. गोव्याच्या दमट हवेत फोटोवरचं जिलेटिन चिकट होतं. ओढलं की चेहराच सोलून येतो. जानेवारीतली कोरडी दुपार बघा. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटकायची. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. स्कॅनची बारकाई छोट्या प्रिंटला १२०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), बाकीच्यांना ६००. मागची बाजूही घ्या; शिक्का, तारीख असली तर तिथेच. नावं मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

आजोबांकडून आठवणी काढायच्या तर "युद्ध कसं होतं?" विचारू नका, "होतं तसंच" एवढंच मिळेल. टोपीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवा: ही कुठली पलटण? शेजारी कोण उभा? दुसऱ्या महायुद्धातली इटली १९४४ की गोवा मुक्तीचं १९६१, ते त्यांनाच सांगू द्या.