पीएच आणि डीओ प्रोब: आकडा स्थिर दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका

साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता, रात्रपाळी माझी होती. सल्फिटेशनच्या टाकीवरचा, म्हणजे चुना आणि सल्फर डायऑक्साइड घालून उसाचा रस स्वच्छ करतात त्या टाकीवरचा पीएच प्रोब (रस किती आम्लधर्मी हे मोजणारी कांडी) पॅनेलवर 7.00 दाखवत होता. तासभर 7.00, दोन तासांनीही 7.00. इतका छान आकडा पाहून कोणी तिकडे फिरकलंही नाही. पहाटे केमिस्टनं रसाचा नमुना लॅबमध्ये तपासला तेव्हा पीएच 6.3 निघाला. प्रोब बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात धरला, तर काचेच्या बल्बवर केसाएवढी चीर होती. चुन्याचा पंप त्या प्रोबचं ऐकून रात्रभर हात राखून चालला होता. गरम रस आम्लधर्मी राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ती परत मिळत नाही. शेतकऱ्याच्या उसातली साखर अशी एका चिरेपायी जाते, याचं मला आजही वाईट वाटतं.

7.00 वर अडकलेला पीएच

प्रोबमधला काचेचा इलेक्ट्रोड पीएच 7 ला शून्य मिलिव्होल्ट देतो. तिथून पीएच एकानं हलला की 25 अंश सेल्सिअसला सुमारे 59 मिलिव्होल्टचा फरक पडतो. बल्बला चीर गेली की आतलं आणि बाहेरचं द्रावण एकमेकांना मिळतं, फरक संपतो, आणि मीटर शून्य मिलिव्होल्ट म्हणजे 7 च्या आसपासचा आकडा दाखवत राहतं. कनेक्टरमध्ये ओल शिरली तरी हेच होतं. या काचेचा विद्युत रोध शेकडो मेगाओहम असतो, त्यामुळे कनेक्टरवरच्या ओलाव्याची पुसटशी वाटसुद्धा सिग्नल शॉर्ट करायला पुरते. रस उकळतात त्या बॉयलिंग हाऊसमधली वाफ आणि फरशी धुताना उडणारं पाणी पाहता हा दोष आपल्याकडे वरचेवर होतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रोब धुऊन 4 च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवा. आकडा 4 कडे सरकला नाही, तर बल्ब, कनेक्टर आणि केबल या क्रमानं बघा. ओला कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवा. ज्या टाकीत एकीकडून चुना पडतोय आणि दुसरीकडून सल्फर डायऑक्साइड येतोय, तिथला खरा आकडा थोडा तरी थरथरतो. पॅनेलवर सरळ रेघ दिसली की आधी प्रोबकडे जा.

प्रोब टाकी मोजत नाही, काचेला लागलेला थर मोजतो

आमच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान हे विसरल्यानं होतं. सल्फिटेशनच्या रसात काचेवर कॅल्शियम सल्फाइटचा पांढरा थर बसतो. त्या थरामागे अडकलेल्या रसाचा पीएच काही काळापूर्वीचा असतो, आणि पंप त्यावर चालतो. लक्षण साधं आहे: बफरमध्ये टाकल्यावर आकडा स्थिरावायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो.

थर कशाचा आहे त्यावर धुणं ठरतं. चुन्याच्या थरासाठी 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं पुरतात. सल्फाइटच्या थरावर आम्ल पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करा. डिस्टिलरीच्या फर्मेंटरमधल्या यीस्टचा आणि प्रथिनांचा थर आम्लानं नीट निघत नाही, त्यासाठी आम्लात पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम मिसळून तासभर ठेवावं लागतं. तेलकट थराला डिटर्जंटचं कोमट पाणी चालतं. ब्लेडनं खरवडायचं मात्र कधीच नाही. धुतल्यावर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात विसावा द्या आणि मगच कॅलिब्रेशन करा, म्हणजे बफरच्या ठाऊक आकड्याशी मीटर जुळवा.

पीएच मीटरच्या जन्मकथेतही हाच सल्फर डायऑक्साइड आहे. 1934 मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे लिंबाचा रस तपासणारा एक रसायनतज्ज्ञ अडचण घेऊन आला. रसात सल्फर डायऑक्साइड असल्यामुळे लिटमस निरुपयोगी ठरत होता. त्यावर बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला. आपल्या सल्फिटेशनच्या टाकीवरचा प्रोब त्याच घराण्यातला.

लॅबच्या आकड्याला मीटर जुळवणं

प्रत्येक कारखान्यात लॅबवाले आणि इन्स्ट्रुमेंटवाले यांच्यात यावरून तणातणी होते. टाकीत रस 70 ते 75 अंशांवर असतो, लॅबमध्ये तो थंड करून मोजतात. तापमान बदललं की रसाचा स्वतःचा पीएचसुद्धा बदलतो, त्यामुळे दोन्ही आकडे बरोबर असूनही वेगळे येऊ शकतात. मीटरचं ऑटोमॅटिक टेम्परेचर कम्पेन्सेशन हा फरक मिटवत नाही. ते फक्त इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे पीएच एकानं हलल्यावर पडणारा मिलिव्होल्टचा फरक, दुरुस्त करतं. 25 अंशांना 59.16 मिलिव्होल्ट असलेला उतार 70 अंशांना 68.1 होतो, तेवढंच त्याचं काम.

हे कम्पेन्सेशन बंद पडलं तर ते 7 जवळ कळतच नाही, कारण तिथे मुळात मिलिव्होल्ट शून्य असतात. पण 70 अंशांच्या रसाचा खरा पीएच 5 असेल आणि मीटरला 25 अंश सांगितलेले असतील, तर ते 4.7 दाखवेल. तापमानाची वायर तुटून महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आलेलं नसतं, त्याचं कारण हेच.

म्हणून रोज लॅबचा आकडा बघून मीटर ढकलू नका. असं ढकलत राहिल्यानं मरायला टेकलेला इलेक्ट्रोड ठणठणीत दिसतो. फर्मेंटरमधून आणलेल्या नमुन्यात तर आणखी एक भर पडते: वाटेत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. नमुना काढल्या काढल्या मोजा.

बफर आणि साठवण

बफर कॅप्सूल 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आपण 4, 7 आणि 9.2 चे बफर बनवतो. त्यातला 9.2 चा सगळ्यात नाजूक, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतो. उघड्या बीकरमध्ये राहिलेला बफर बाटलीत परत ओतू नका. एकाच बफरवर कॅलिब्रेशन उरकू नका, त्यात उतार कळत नाही. उतार अपेक्षित मिलिव्होल्टच्या 95 टक्क्यांवर असेल तर उत्तम. 90 च्या खाली गेला तर आधी धुवा, तरी सुधारला नाही तर बदला.

प्रोब डिस्टिल्ड पाण्यात ठेवण्याची सवय तर ताबडतोब मोडायला हवी. इलेक्ट्रोडच्या आतले क्षार पाण्यात झिरपून जातात आणि प्रोब सुस्त होतो. 22.4 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घ्या आणि पाण्यानं एकूण द्रावण 100 मिली करा, टोपीत तेच भरा. बल्ब कापडानं घासू नका, टिश्यूनं नुसता टिपून घ्या.

ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरचा) डीओ

एरेशन टाकीत ब्लोअरनं हवा सोडून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, साधारण लिटरला 2 मिलिग्रॅम ठेवतात. प्रोबच्या टोपीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढला की ते जिवाणू तिथल्या तिथे ऑक्सिजन खातात. पॅनेलवर डीओ 0.6 दिसतो, ब्लोअर पूर्ण वेगानं धावतो, टाकीत मात्र ऑक्सिजन भरपूर असतो. विजेचं बिल वाढलं की लोक ब्लोअरची बेअरिंग उघडतात. आधी मऊ ओल्या कापडानं टोपी पुसून बघा. याउलट, प्रोबच्या टोकावरच्या पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा खोटा चढतो, म्हणून प्रोब तिरका, 45 अंशांत बसवा.

पडद्याचा जुना, क्लार्क पद्धतीचा प्रोब स्वतः ऑक्सिजन वापरतो. साचलेल्या पाण्यात तो कमी दाखवतो, आणि पोलरोग्राफिक (बाहेरून व्होल्टेज द्यावा लागणारा) असेल तर वीज जोडल्यावर स्थिर व्हायला सहा तासांपर्यंत घेतो. घाईत जोडून लगेच कॅलिब्रेट केलेला प्रोब दुपारपर्यंत भलतंच काही सांगू लागतो. प्रकाशानं ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑप्टिकल प्रोबला हे दोन्ही त्रास नाहीत, पण बुळबुळीचा त्रास त्यालाही तितकाच.

कॅलिब्रेशन करताना उंचीही धरा. 25 अंशांच्या हवासंपृक्त गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे, तिथे तो जेमतेम 7.7 होतो. मुंबईतला तक्ता पुण्यात भिंतीवर चिकटवला तर सुरुवातच सात टक्के चुकते. शून्य तपासायला सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण घ्या. काही मिनिटांत आकडा शून्याजवळ आला नाही, तर टोपी किंवा पडदा बदलायची वेळ झाली आहे.

वहीत प्रत्येक कॅलिब्रेशनला तारीख, उतार आणि 7 च्या बफरमधले मिलिव्होल्ट लिहा. आमच्या त्या प्रोबचा उतार चीर जाण्याआधी तीन आठवडे 97 टक्क्यांवरून 88 वर घसरत आला होता, आणि ते लिहायला वहीत रकानाच नव्हता.