जुन्या पिकअपची स्टेअरिंग लिंकेज बदलताना

सरळ रस्त्यावरही गाडी रेषेत ठेवण्यासाठी स्टेअरिंग सारखे इकडे-तिकडे करावे लागत असेल, तर जुन्या पिकअपमध्ये पहिला संशय लिंकेजवर, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांवर आणि जॉइंटवर, जातो आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण नुसता जाड दांडा बसवून काम भागत नाही. प्रत्येक जॉइंटचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, आपल्या भोकात पूर्ण बसला पाहिजे आणि दांडे योग्य रेषेत आले पाहिजेत. या दोन गोष्टी चुकल्या तर महागडा संचही जुन्यासारखाच वागतो. इथे दिलेली पद्धत समोर अखंड अ‍ॅक्सल असलेल्या पिकअपसाठी आहे.

काढण्याआधी

गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण्या. इंजिन चालू ठेवून मदतनिसाला स्टेअरिंग थोडेसेच डावी-उजवीकडे हलवायला सांगा. स्वतः एकेका जॉइंटवर बोट असे ठेवा की अर्धे सॉकेटवर आणि अर्धे आर्मवर राहील. दांडा हलण्याआधी जॉइंट उचलला गेला किंवा बोटाला टिचकी जाणवली, तर तो गेला. स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट, व्हील बेअरिंग, नकलचे (चाक धरून वळणाऱ्या भागाचे) बॉल जॉइंट आणि कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश हेही याच वेळी बघा. पॅनहार्ड रॉड ढिला असेल तर आधी तो नीट करा. नाहीतर नव्या लिंकेजनंतरही गाडी तशीच भरकटेल आणि दोष नव्या भागांना मिळेल.

कोणती मांडणी घ्यावी

अनेक जुन्या पिकअपमध्ये ड्रॅग लिंक (लांब जोडदांडा) ड्रॉप आर्मपासून, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टवरच्या आर्मपासून, थेट पलीकडच्या चाकाच्या नकलपर्यंत जाते आणि अलीकडच्या चाकाचा आखूड टाय रॉड तिच्या मधोमध जोडलेला असतो. स्प्रिंग दबली की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि त्यासोबत टोही, म्हणजे दोन चाकांमधल्या समोरच्या आणि मागच्या अंतरांतला फरक. खड्ड्यातून जाताना गाडी अंगावर आल्यासारखी वाटते ती यामुळे, आणि गाडी उंच केलेली असेल तर हे जास्तच जाणवते. सुधारित मांडणीत टाय रॉड एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत सलग असतो आणि ड्रॅग लिंक वेगळी राहते. स्प्रिंग कितीही हलली तरी टो तिथेच राहतो. जुनी मांडणी ठेवून फक्त जाड दांडे घालण्यापेक्षा हा बदल केव्हाही चांगला.

रोजच्या रस्त्यासाठी रबरी बूट आणि ग्रीस निपल असलेले टाय रॉड एंड घ्या. उघडे रॉड एंड धुळीने आणि पाण्याने लवकर झिजतात. दांडे तयार संचातलेच असावेत. स्टेअरिंगच्या भागावर घरी वेल्डिंग करू नका.

जुने काढणे

आधी टो मोजून लिहून ठेवा (मोजायची पद्धत शेवटी ‘टो ठरवणे’मध्ये आहे). मग पुढचा भाग उचलून अ‍ॅक्सलखाली मजबूत स्टँड लावा. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट (खाचा असलेला नट) सैल करा, पण दोन-तीन आटे धरलेले राहू द्या. टेपर सुटताना दांडा धाडकन खाली येतो, तो या नटावर अडतो. नकलच्या भोकाच्या बाजूवर हातोड्याचा जोरदार ठोका किंवा पुलर (खेचून काढायचे हत्यार), दोन्ही चालते. जॉइंटच्या स्टडच्या (नट बसतो त्या निमुळत्या दांडीच्या) टोकावर मात्र ठोकू नका. ड्रॉप आर्म बदलायचा असेल तर तो पुलरनेच काढा. त्यावर हातोडा मारला की धक्का थेट बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला बसतो.

टेपर तपासणे

इथे घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. नवा स्टड आणि जुने भोक दोन्ही स्वच्छ पुसा. स्टडवर मार्करने लांबीच्या दिशेने चार-पाच रेघा ओढा, भोकात दाबून बसवा, थोडा फिरवा, बाहेर काढा. रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या असतील तर टेपर जुळला. एकाच टोकाला कड्यासारखा पट्टा पुसला असेल तर दोन्हींचा उतार वेगळा आहे. असा जोड नट कितीही आवळला तरी आतून डुलत राहतो आणि भोक खाऊन मोठे करतो. स्टड इतका खोल जात असेल की नट आटे संपेपर्यंत फिरतो, तर भोक झिजले आहे आणि नकल किंवा आर्म बदलणे हाच उपाय. वॉशर घालून भागवू नका. टेपरला ग्रीसही लावू नका, तो कोरडाच बसायला हवा.

बसवणे

टाय रॉड एंडचे आटे दोन्ही बाजूंना सारखेच आत गेले पाहिजेत, निदान आटे असलेल्या दांडीच्या व्यासाच्या दीडपट. कॅसल नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे, आवळायच्याच दिशेने फिरवा. नटाला सहा खाचा असतात, त्यामुळे फार तर ६० अंश फिरवावा लागतो. जुळवण्यासाठी मागे सैल करू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

आता बॉक्सचे केंद्र शोधा. ड्रॅग लिंक सुटलेली असताना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. बॉक्स मध्यभागीच सर्वांत घट्ट चालतो. केंद्र हुकले तर सरळ जाताना उगाच प्ले (ढिलेपणा) जाणवतो. चाके सरळ ठेवून ड्रॅग लिंकची लांबी या स्थितीला जुळवा आणि जोडा. पॅनहार्ड रॉड असेल तर समोरून पाहताना ड्रॅग लिंक त्याला समांतर दिसली पाहिजे.

टो ठरवणे

गाडी जमिनीवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकला. दोन्ही टायरच्या मध्यावर, हबच्या उंचीला, समोरून खडूची खूण करून अंतर मोजा. मग गाडी फक्त पुढे ढकला. खुणा मागे त्याच उंचीला आल्या की पुन्हा मोजा. समोरचे अंतर मॅन्युअलमधल्या आकड्याइतके कमी हवे. रेडियल टायरवर हा आकडा साधारण १.५ ते ३ मिमी असतो. टाय रॉड फिरवून टो बसवा, ड्रॅग लिंक फिरवून स्टेअरिंग सरळ करा. क्लँप आवळताना दोन्ही एंड एकाच कोनात ठेवा. मग दांडा हाताने पुढे-मागे थोडा लोळला पाहिजे. अडकत असेल तर एक जॉइंट पिळलेला आहे.

दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दांडा डिफरन्शिअल कव्हर, स्प्रिंग आणि टायरपासून लांब राहतो का पाहा. स्टेअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा भाग) असेल तर तो त्याच्या टोकाला पोहोचून वळण अडवत नाही ना, हेही पाहा. ग्रीस बूट किंचित फुगेपर्यंतच भरा.

शेवटी प्रत्येक नट आणि आर्म यांच्यावर रंगाची एक सलग रेघ ओढा. १०० किमीनंतर खाली वाकून बघताना रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरला आहे.