वॉरंटी संपली, बॉयलर बिघडला: ब्रिटनमधल्या घरांसाठी

गॅसचा वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला. मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन ०८०० १११ ९९९ ला फोन करा. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला लेखी कळवा. दुरुस्ती त्याने करायची.

घर स्वतःचं असेल तर इंजिनिअरला बोलावण्याआधी प्रेशर गेज पाहा. थंड बॉयलरमध्ये काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. खाली असेल तर फिलिंग लूपचे (बॉयलरमध्ये पाणी भरायच्या नळीचे) कॉक सावकाश उघडा, काटा जागेवर आला की घट्ट बंद करा. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून बंद पडला तर भिंतीबाहेरचा प्लास्टिकचा कंडेन्सेट पाइप (बॉयलरचं सांडपाणी बाहेर नेणारा) बहुधा गोठलाय. त्यावर कोमट पाणी ओता (उकळतं नको, पाइप तडकतो) आणि रिसेट करा.

हीटिंग सुरू झाल्यावर काटा ३ बारकडे धावतो आणि थंड झाल्यावर शून्याला येतो? मग एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे किंवा आतला पडदा फाटलाय. जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून, भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीने ठिबकतं. एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह पुष्कळदा नीट मिटत नाही, म्हणून व्हेसलच्या दुरुस्तीबरोबर तोही तपासून घ्या. फक्त नळाचं गरम पाणी सोडलं असताना रेडिएटर तापत असतील तर संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, म्हणजे गरम पाणी नळाकडे की रेडिएटरकडे जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हवर. या सुट्या भागांसाठी अख्खा बॉयलर बदलायला सांगणाऱ्याला सरळ नकार द्या. कव्हर मात्र स्वतः उघडू नका. येणाऱ्या इंजिनिअरचं गॅस सेफ कार्ड (गॅसचं काम करण्याच्या अधिकृत नोंदणीचं ओळखपत्र) उलटून बघा. कोणत्या कामाची परवानगी आहे, ते मागे लिहिलेलं असतं.

आता पैशांचं. वॉरंटी ही कंपनीने वरून दिलेली सवलत. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा हक्क वेगळा, आणि तो विकणाऱ्याविरुद्ध किंवा बसवणाऱ्याविरुद्ध चालतो. इंग्लंड-वेल्समध्ये दावा ६ वर्षांपर्यंत करता येतो, स्कॉटलंडमध्ये मुदत ५ वर्षांची. पण पहिल्या ६ महिन्यांनंतर दोष मुळातच होता हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून स्वतंत्र इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या: मॉडेल, सीरियल नंबर, कोणता भाग गेला आणि कशामुळे. काढलेला भाग फेकू देऊ नका.

समोरचा हमखास म्हणणार, ‘सिस्टिममध्ये गाळ आहे, तुम्ही सर्व्हिसिंग केलं नाही.’ दरवर्षीच्या सर्व्हिसच्या पावत्या इथे कामी येतात. त्याहून मोलाची बॉयलरच्या पुस्तिकेतली बेंचमार्क चेकलिस्ट, म्हणजे बसवणाऱ्याने भरायचा तक्ता. बसवताना जुनी पाइपलाइन धुतली का, कोणतं इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घातलं, हे त्यात भरलेलं असावं लागतं. रकाने कोरे असतील तर गाळाचा मुद्दा बसवणाऱ्यावरच उलटवा.

विकणाऱ्याला किंवा बसवणाऱ्याला पत्र लिहा, त्यात आधी फुकट दुरुस्ती मागा, उत्तरासाठी १४ दिवस द्या. पूर्ण पैसे परत मिळतील ही आशा धरू नका. वापरलेल्या वर्षांची वजावट होते. बॉयलरची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल आणि थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने भरली असेल, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड देणाऱ्या बँकेकडेही मागणी करता येते. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर हा रस्ता बरा. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या सोप्या कोर्ट-प्रक्रियेत) चालतात, वकिलाची गरज नसते.

बॉयलर १२-१५ वर्षांचा असेल तर या खटाटोपात पडू नका. कंपनीचा ठरावीक दराचा दुरुस्ती-कॉल मिळतो का, ते विचारा. मुख्य हीट एक्स्चेंजरच (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) गेला असेल तर नवा घ्या.