घरच्या बोटीला इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह जुळवताना

आधी इंजिन मिळतं आणि मग त्याच्यासाठी ड्राइव्ह शोधायची धावपळ सुरू होते. हा क्रम उलटा आहे. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) आत इंजिन आणि बाहेर लोंबणारा पाय, ही एकच वस्तू धरून निवडावी लागते. तीही बोटीचं वजन कळल्यावर.

त्याआधी एक प्रश्न. बोट पाण्यावर उठून पळणार आहे का? बोजड बुडाची, माणसं किंवा मासळी वाहणारी संथ होडी असेल तर स्टर्नड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका. पाण्यावर न उठणाऱ्या २० फुटी बोटीचा वेग साधारण ६ नॉटवर अडतो. त्यासाठी साधा शाफ्ट आणि गिअरबॉक्स स्वस्त पडतो, आणि तो गोव्यातल्या झुआरीच्या काठावरचा मेकॅनिकही दुरुस्त करतो. पुढचं सगळं व्ही आकाराच्या बुडाच्या, हलक्या बोटीसाठी आहे.

वजन कागदावर मांडा. सुमारे २० फुटांच्या मरीन प्लायवूड आणि एपॉक्सीच्या बोटीचं उदाहरण घेऊ. सांगाडा आणि डेक ६०० किलो, इंजिन-ड्राइव्ह ३००, १२० लिटर पेट्रोल ९०, पाच माणसं ३७५, बॅटरी-नांगर-दोर-सामान १००. बेरीज १४६५, म्हणून १५०० धरा. आता हे वजन पौंडांत करा (३३०७), त्याला हॉर्सपॉवरने भागा, आलेल्याचं वर्गमूळ काढा आणि १५० ला त्याने भागा. उत्तर नॉटमध्ये येतं. १३५ हॉर्सपॉवरला सुमारे ३० नॉट, १०० ला २६. म्हणजे ३५ हॉर्सपॉवर जास्त घेऊन हाती येतात चार नॉट. बोटीचा आराखडा बनवणाऱ्याने जास्तीत जास्त शक्ती लिहून दिली असेल तर ती ओलांडू नका. मोठ्या व्ही-८ चं सगळं वजन मागे बसतं आणि मग बोट नाळ (पुढचं टोक) वर करून चालते.

आता ड्राइव्ह. इथे हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्ककडे (शाफ्टला पिळणाऱ्या जोराकडे) बघा, कारण गिअरचे दात टॉर्कने तुटतात. १३५ हॉर्सपॉवरचं तीन लिटर पेट्रोल इंजिन ४६०० आरपीएमवर सुमारे २०९ न्यूटन-मीटर देतं. जीपचं १२० हॉर्सपॉवरचं डिझेल ३४०० आरपीएमवर देतं २५१, आणि कमी आरपीएमवरचा त्याचा कमाल टॉर्क त्याहूनही वर असतो. शक्ती कमी, तरी ड्राइव्हवर ताण जास्त. पेट्रोलसाठी बनलेला हलका ड्राइव्ह डिझेलमागे लावला तर पहिली सफर ठीक जाते. मग थ्रॉटल एकदम दाबल्यावर वरच्या गिअरबॉक्समधून कटकट सुरू होते.

गिअर बदलण्याची पद्धतही बघून घ्या. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा ड्राइव्हमध्ये गिअर खालच्या भागात, दातेरी क्लचने बदलतो. तो सुटताना इंजिन क्षणभर मंदावावं म्हणून एक स्विच इग्निशन तोडतो. डिझेलला इग्निशनच नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे लागू पडत नाही आणि गिअर अडकतो. त्याच कंपनीच्या ब्राव्हो ड्राइव्हचा कोन (शंकूच्या आकाराचा) क्लच वरच्या भागात असतो, त्याला हा स्विच लागत नाही. गाडीचं डिझेल बसवायचंच असेल तर अल्फा विसरा.

गिअरचं गुणोत्तर (प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) स्टिकरवर विसंबून घेऊ नका. जुन्या ड्राइव्हची वरची पेटी कुणी बदलली असेल ते सांगता येत नाही. गिअर टाका, प्रोपेलर हाताने बरोबर १० फेरे फिरवा आणि तेवढ्यात वरचा इनपुट शाफ्ट किती फिरला ते मोजा. १९.४ आले तर गुणोत्तर १.९४. हे तीन लिटर, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं गुणोत्तर. मोठ्या इंजिनांना आकडा कमी होत जातो, ५.७ लिटरच्या व्ही-८ ला १.५० च्या आसपास.

आता पिच काढा, म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात न घसरता किती इंच पुढे जाईल ते. इंजिनाच्या कमाल ४८०० आरपीएमला १.९४ ने भागलं की प्रोपेलर २४७४ फेरे घेतो. ३० नॉट हवेत आणि पाण्यातली प्रोपेलरची १२ टक्के घसरण धरली तर ३० गुणिले १२१५ (एक नॉट म्हणजे मिनिटाला १२१५ इंच), भागिले (२४७४ गुणिले ०.८८): १६.७ इंच. १७ इंचाचा प्रोपेलर घ्या, आणि दुकानदार मान्य करत असेल तर १५ किंवा १९ चा बदली बोलून ठेवा. एक इंच पिच वाढवला की कमाल आरपीएम १५० ते २०० नी उतरतो.

खरेदीत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे सुटे भाग. इंजिन, बेल हाउसिंग (इंजिनामागचं आवरण), कपलर (इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट जोडणारा भाग), ट्रान्सम असेंब्ली आणि ड्राइव्ह हे पाचही एकाच बोटीतून निघालेले असतील तर किंमत थोडी जास्त देऊनही घ्या. कपलरच्या स्प्लाइन (शाफ्ट अडकणाऱ्या खाचा) आणि बेल हाउसिंगचे बोल्ट यांत फरक निघाला की अॅडॅप्टर घडवून घेण्यात पावसाळा निघून जातो. इंजिनाची फिरण्याची दिशाही तपासा. पेट्रोल असेल तर स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि इंधन पंप मरीनचेच हवेत. गाडीचे स्वस्त मिळतात, पण त्यांची ठिणगी बाहेर येते आणि तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ पेटते. हवा बाहेर फेकणारा ब्लोअर इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं चालवायचा, ही गोष्ट डॅशबोर्डवर लिहून चिकटवा.

ट्रान्सम हा बोट बांधणाऱ्याच्या हातातला भाग, आणि चुकीचं मोजमाप इथेच होतं. मर्क्रूझरसाठी जाडी ५१ ते ५७ मिलिमीटर हवी आणि आतली-बाहेरची बाजू ३ मिलिमीटरच्या आत समांतर. तुमच्या ड्राइव्हचा टेम्प्लेट मिळवा आणि भोकाची उंची त्यावरूनच काढा, अंदाजाने नाही. भोक पाडल्यावर उघडी पडलेली प्लायवूडची कड एपॉक्सीने तीनदा भरा. तिथून पाणी शिरलं की दोन वर्षांत ट्रान्सम मऊ होतो आणि बोल्ट आवळताना आत बुडतात.

इंजिन बसवताना मागचे माउंट (इंजिनाचे टेकू) ट्रान्समच्या आतल्या प्लेटवर ठरलेले असतात. जुळवणी फक्त पुढच्या माउंटनी होते. अलाइनमेंट बारच्या (जुळवणी तपासायच्या दांड्याच्या) टोकाला ग्रीस लावून तो जिंबल बेअरिंगमधून (ट्रान्सममधल्या, ड्राइव्हचा शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगमधून) कपलरमध्ये घाला. दोन बोटांनी सरकला पाहिजे. बाहेर काढल्यावर ग्रीसवर स्प्लाइनची खूण चारी बाजूंना सारखी दिसली तर बरोबर. वरच खूण असेल किंवा खालीच, तर पुढचा माउंट हलवून पुन्हा बघा. हातोडीने बार ठोकून आत घालणाऱ्याला पुढे कपलर बदलावा लागतो. एक्झॉस्टच्या राइजरचा (धुराच्या नळीच्या उंच वळणाचा) माथा भरलेल्या बोटीच्या पाणरेषेच्या ३३० मिलिमीटर वर ठेवा, नाही तर पाणी सिलिंडरमध्ये उलट येतं.

गोव्याच्या पाण्याचा स्वभाव वेगळा धरावा लागतो. मांडवी पावसाळ्यात गोडी होते, उन्हाळ्यात खारट. म्हणून अॅनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) अॅल्युमिनियमचे लावा. जस्ताचे खाऱ्या पाण्यात ठीक, पण मचूळ पाण्यात निष्क्रिय होतात. तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा) रंग ड्राइव्हवर कधीही लावू नका, आणि ट्रान्समवरही ड्राइव्हच्या भोवती दोन-तीन बोटांचं अंतर सोडा. बेलोजच्या (ट्रान्सम आणि ड्राइव्हमधल्या घडीदार रबरी नळीच्या) घड्यांत बार्नॅकल (चिकटून राहणारे शिंपल्यासारखे जीव) बसतात. टोकदार पात्याने खरवडायचा मोह टाळा, रबर फाटलं की बोट बुडते. बोट धक्क्याला असताना ड्राइव्ह खालीच ठेवा, म्हणजे बेलोज ताणलेले राहत नाहीत. ते दर दोन वर्षांनी बदलायचे, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) दरवर्षी. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं, पुढची फेरी रद्द करा. खाडीतून आल्यावर कानपट्टी (ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसणारी, नळाला जोडायची रबरी जोडणी) लावून गोड्या पाण्याने इंजिन धुवा. नळ सुरू केल्यावरच इंजिन सुरू करायचं.

चाचणी ऑक्टोबरनंतरच घ्या. जून ते सप्टेंबर आग्वादच्या तोंडावरच्या रेतीपट्ट्यावर लाटा फुटतात, तेव्हा बोट काठावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेली बरी. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे नोंदणीची विचारणा बोट बांधून होण्याच्या आधीच करा. चाचणीला टाकी भरा, पाच माणसं बसवा, भरती-ओहोटीच्या मधला शांत पाण्याचा वेळ निवडा. एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांना पूर्ण थ्रॉटलवर जा आणि जीपीएसवरच्या वेगाची सरासरी काढा. आरपीएम इंजिनाच्या ठरलेल्या कक्षेच्या (तीन लिटरला ४४०० ते ४८००) खाली अडकला तर पिच दोन इंच कमी करा. इंजिन ओझ्याखाली राबतंय. कक्षेच्या वर गेला तर पिच वाढवा. आरपीएम वर जातो पण वेग वाढत नाही, तेव्हा पिचकडे नाही, ड्राइव्हच्या उंचीकडे बघा: प्रोपेलरवरची आडवी प्लेट पठाणाच्या (बोटीच्या बुडाच्या मधल्या कण्याच्या) खालच्या कडेच्या फार वर बसली असेल, आणि वळणावर हवा ओढून प्रोपेलर नुसताच गरगरत असेल.