साठीनंतर उत्तरवाहिनी परिक्रमा कशी करावी: आधी तळपाय सांभाळा

नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर परिक्रमा अडीच हजारांच्या वर जाते, आणि तेवढे महिने घर सोडणं साठीनंतर सगळ्यांना जमत नाही. आपल्याला वडोद्याहून उत्तरवाहिनी मात्र हाताशी आहे. एरवी पश्चिमेला जाणारी नदी तिलकवाड्याजवळ थोडं अंतर उत्तरेला वाहते. रामपुऱ्याहून तिलकवाडा आणि परत, साधारण २१ किलोमीटर, एका दिवसात. डॉक्टरांची परवानगी आहे आणि कमाटीबागेत रोज तासभर चालता, असं धरूनच पुढचं सांगते.

महिना चैत्र, पाडव्यापासून अमावास्येपर्यंत. गुजरातचा नि आपला चैत्र एकच, पण इंदूर-ग्वाल्हेरकडच्या पंचांगात तो होळी झाली की लागतो. तिकडून कोणी येणार असेल तर तिकीट काढण्याआधी फोन करा. शनिवार-रविवार नकोच, नावेच्या रांगेत ऊन डोक्यावर येतं.

डभोईमार्गे मध्यरात्रीनंतर निघा आणि पहाटे तीनला चालायला लागा. नदी उजव्या हाताला. मांगरोळ, गुवार करत शहेराव घाट, तिथून पलीकडे तिलकवाडा. वर सरदार सरोवर आहे, पाणी सोडलं की नदी ओलांडणं अडतं. त्या दिवशीची चौकशी करूनच निघा. खाण्याचे डबे घेऊ नका. गावोगाव लोक "नर्मदे हर" म्हणत छाश म्हणजे ताक, चहा, लिंबूसरबत हातात देतात, नाही म्हणायची सोय नसते. बाटली, टॉर्च, गोळ्या, टोपी, पुरे. रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती त्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नव्हे.

आता तिलकवाडा. परिक्रमा बिघडते ती इथे, आणि दोष गुडघ्यांना दिला जातो. पहिला काठ गार हवेत सरतो. घाटावर स्नान होतं, सगळे ताजेतवाने होतात, घाईघाईत ओल्या पायांवर मोजे चढवतात. ओली कातडी मऊ पडते, त्यात बारीक रेती, वर तापलेला बूट. पुढचं वासण गाव येईपर्यंत टाचेला फोड. मग माणूस पाय वाकडा टाकतो आणि त्या वाकड्या चालीनं गुडघा धरतो. सुरुवातीला मलाही हा दुसरा काठ नकोसा व्हायचा.

म्हणून स्नानानंतर पंधरा मिनिटं बसा. सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या. पाय पंचानं पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा, मग वाऱ्यावर उघडे ठेवा. बूट उलटे करून आपटा, आतलं अस्तर काढून झटका. टाचेला आणि अंगठ्याच्या बाजूला व्हॅसलीन. मग कोरडे मोजे, पहिले नव्हे, दुसरे. ही जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्यायची. "सुती मोजेच घाला" हा सल्ला घरोघरी मिळतो, पण सूत घाम धरून ठेवतं. खेळाडू वापरतात तसे चटकन वाळणारे मोजे घ्या. बूट जुने, वापरलेले, अर्धा नंबर मोठे. चालून पाय सुजतात. मुलानं खास यासाठी आणलेले नवे बूट घरीच ठेवा, तो रुसला तरी.

चालताना एखाद्या जागी चुरचुरलं की तिथेच थांबायचं. "पुढच्या आश्रमात बघू" म्हणायचं नाही. तेवढ्यात फोड येतो. चुरचुरत्या जागेवर केमिस्टकडची कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. फोड आलाच तर फोडू नका.

अनवाणी चालण्याचा संकल्प ज्याचा त्याचा, पण मधुमेह असेल तर मी तरी स्पष्ट नको म्हणेन. तळव्याची जाणीव कमी झालेली असते. काटा रुतला किंवा रेतीनं भाजलं तरी कळत नाही. बूट घालूनही दोनदा तळवे डोळ्यांनी तपासा. वाकता येत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून बघा.

पुढे रेंगण, तिथून परत रामपुरा. घरी आल्यावर मीठपाण्यात पाय.

आणि मग लिहिणं. आपल्याकडे परतल्यावर दांडिया बाजारातले निम्मे ज्येष्ठ लेखणी उचलतात आणि गजर किती वाजता झाला इथपासून सुरू करतात. तो भाग सरळ गाळा. "अविस्मरणीय", "शब्दांत सांगता येणार नाही" हेही गाळा; सांगता येत नसेल तर लिहिता कशाला? तिलकवाड्याला पाय वाळत असतात त्या पंधरा मिनिटांत मोबाईलमध्ये बोलून ठेवा: छाश देणारी बाई काय म्हणाली, तिच्याच गुजरातीत; पेला स्टीलचा की मातीचा; नावाड्यानं पैसे कुठे खोचले. घरी गेल्यावर यातलं काहीही आठवत नाही. लेख या नोंदींवरून लिहा, फोटोंवरून नको. फोटोत सगळ्यांच्या परिक्रमा सारख्याच दिसतात.